विश्लेषण : सुट्टीतील इंग्रजी वाचनाचा गृहपाठ मुलांच्या पदरी काय टाकतो?

एप्रिल सरत आला की शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर सुट्टीच्या गृहपाठाची यादी येऊन पडते. आठवी ते दहावीच्या यादीत इंग्रजीपुढे बहुधा एकच ओळ असते : एक पुस्तक वाचा आणि त्याचा सारांश लिहून आणा. भोसरी आणि चाकणच्या मध्ये वसलेल्या, कारखान्यांमुळे झपाट्याने वाढलेल्या मोशीत या एका ओळीचा अर्थ घरागणिक बदलतो. कुणाकडे पुस्तक आणि समजावून सांगणारे पालक असतात, तर कुणाकडे दोन्ही नसतात. जूनमध्ये दोघांच्या वह्या मात्र सारख्याच दिसतात. मग या गृहपाठातून नेमके मोजले काय जाते?

सुट्टीत वाचन कशासाठी?

दीर्घ सुट्टीत मुले शिकलेले विसरतात, हा यामागचा मूळ विचार. अमेरिकेतील शाळांत उन्हाळी वाचनाच्या याद्या देण्याची जुनी प्रथा आहे. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सुट्टीत मुले सरासरी महिनाभराने मागे जातात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातली लक्षणीय बाब वाचनाबद्दलची होती. मध्यमवर्गीय घरांतील मुलांचे वाचन सुट्टीत टिकले किंवा किंचित सुधारले, कमी उत्पन्न गटातील मुलांचे घसरले. हे नुकसान खरेच इतके असते का, यावर नंतरच्या संशोधकांनी प्रश्नही उपस्थित केले. शिवाय तिथे इंग्रजी ही बहुतेक मुलांच्या घरातली भाषा. आपल्याकडे मराठी माध्यमाच्या मुलाचा इंग्रजीशी संबंध शाळेपुरताच असतो. शाळा बंद झाली की तो जवळपास तुटतो. त्यामुळे सुट्टीतील वाचनाची गरज इथे अधिकच आहे.

मंडळानुसार काय फरक पडतो?

बराच, आणि तो वेळापत्रकामुळे पडतो. सीबीएसईच्या शाळांचे नवे वर्ष साधारणपणे एप्रिलमध्ये सुरू होते. मे महिन्याची सुट्टी लागण्याआधी मुलांना नव्या वर्गाचे शिक्षक भेटलेले असतात. तेच गृहपाठ देतात आणि जूनमध्ये तेच तपासतात. राज्य मंडळाच्या शाळांत वार्षिक परीक्षा, निकाल आणि मग २ मेच्या आसपास सुट्टी, असा क्रम आहे. शाळा उघडतात त्या जूनच्या मध्यावर आणि तेव्हा वर्ग, अनेकदा शिक्षकही, बदललेले असतात. एप्रिलमध्ये ‘वाचा’ म्हणणारा आणि जूनमध्ये ‘काय वाचले’ विचारणारा एकच असेल याची खात्री नसते. त्यामुळे हा गृहपाठ बेवारस राहतो.

नववीतून दहावीत जाणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यापैकी अनेकांना सुट्टी अशी नसतेच. परीक्षा संपताच खासगी शिकवण्यांच्या ‘व्हेकेशन बॅच’ सुरू होतात आणि त्यात दहावीच्या पाठ्यपुस्तकातले धडे पुढे सरकवले जातात.

परीक्षेत पूर्ण पुस्तकाला स्थान आहे का?

राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीत भर आहे तो पाठ्यपुस्तकातील व बाहेरील उतारे, कविता आणि लेखनकौशल्यावर. उतारा पानभराचा असतो. शंभर पाने सलग वाचण्याची सवय नसली तरी चांगले गुण मिळू शकतात. सीबीएसईने मागच्या दशकात नववी-दहावीला पूर्ण पुस्तके नेमली होती. नववीसाठी ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ किंवा ‘थ्री मेन इन अ बोट’, तर दहावीसाठी ॲन फ्रँकची रोजनिशी किंवा हेलन केलरचे आत्मचरित्र. पुढे ही तरतूद वगळण्यात आली.

राज्य मंडळात कादंबरी भेटते ती थेट बारावीला. ‘युवकभारती’च्या इंग्रजी पुस्तकात कादंबरी या साहित्यप्रकाराचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात ‘टू सर, विथ लव्ह’, ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि ‘द साइन ऑफ फोर’ यांतील वेचे आहेत. वेचे वाचून पूर्ण कादंबरीकडे वळावे, हा त्यामागचा हेतू. पण आधीच्या अकरा वर्षांत एकही इंग्रजी पुस्तक पूर्ण न वाचलेला विद्यार्थी पुस्तकाकडे न वळता गाइडकडे वळतो. उन्हाळी वाचनाने भरून काढायला हवी ती ही पोकळी.

मोशीत अडचण कुठे येते?

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० मध्ये, तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने. चिंचवडचे प्रेक्षागृह ज्यांच्या नावे आहे ते हेच मोरे. इंग्रजी ही फक्त महागड्या शाळांतील मुलांची मक्तेदारी राहू नये, हा त्या निर्णयामागचा विचार होता. पाव शतकानंतर त्यांच्याच कर्मभूमीत प्रश्न पुन्हा तोच आहे, फक्त त्याचे रूप पालटले आहे. विषय सर्वांना मिळाला, पुस्तक मिळाले नाही.

मोशी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत काम करणारी, मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आणि इतर राज्यांतून आलेली अनेक कुटुंबे इथे स्थिरावली. त्यांतील बरीच मुले मे महिन्यात गावी जातात. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके परीक्षेपूर्वी जमा करून घेतली जातात आणि सुट्टीत ग्रंथालय बंद असते. म्हणजे वाचायला सर्वाधिक वेळ असतो, नेमके तेव्हाच पुस्तक हाताशी नसते. घरी विचारावे, तर वडील पाळीवर आणि आईलाही इंग्रजीची सवय नाही. उरतो तो मोबाइल. त्यावर कोणत्याही प्रसिद्ध पुस्तकाचा सारांश मिनिटभरात मिळतो, आणि चॅटजीपीटी आल्यापासून तर तो विद्यार्थ्याच्या भाषेत, हव्या तितक्या शब्दांत लिहूनही मिळतो. सारांश मागणारा गृहपाठ न वाचणाऱ्यालाही पूर्ण गुण देतो आणि अडखळत का होईना, स्वतः वाचून चुकत लिहिणाऱ्याला कमी. हा या पद्धतीतला खरा अन्याय आहे.

मुलांना किती इंग्रजी झेपते?

‘असर’च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी होती. त्यातील ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि वाचू शकणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. मोशी शहरी आहे, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी एकाच वर्गात वाक्यापाशी अडणारे आणि कादंबरी वाचू शकणारे विद्यार्थी शेजारी बसतात, हे कोणताही शिक्षक सांगेल. अशा वर्गाला एकच पुस्तक नेमणे निम्म्या मुलांना वाचनापासून दूर लोटणारे ठरते.

परभाषेतील गोष्ट कुणाच्या मदतीविना समजण्यासाठी शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, असे भाषाअध्यापनातील संशोधन सांगते. पानावर अडीचशे शब्द धरले तर अनोळखी शब्द पाचच्या वर नकोत. पुस्तक निवडताना कोणतेही पान उघडून बोटांवर मोजण्याइतकी ही सोपी कसोटी आहे. आठवीच्या मुलाने चौथीच्या पातळीचे पुस्तक घेतले तर त्यात कमीपणा नाही. न समजणारे जाड पुस्तक महिनाभर उघडे ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

सारांशाऐवजी काय करता येईल?

फ्लोरिडातील १७ शाळांमध्ये, गरीब वस्त्यांतील प्राथमिकच्या मुलांना सलग तीन उन्हाळे प्रत्येकी १२ पुस्तके देण्यात आली. ती मुलांनी स्वतः निवडलेली होती. तीन वर्षांनी ही मुले पुस्तके न मिळालेल्यांपेक्षा वाचनचाचणीत सरस ठरली. वय आणि परिस्थिती वेगळी असली तरी या प्रयोगातून घेण्यासारख्या गोष्टी दोन : पुस्तक आधी हातात पडले आणि निवड मुलाची होती.

हे इथे अशक्य नाही. सुट्टीआधी शाळेने ग्रंथालयातली पुस्तके परत घेण्याऐवजी वर्गात मांडून प्रत्येकाला एक निवडू द्यावे. आठवड्याचे पाच दिवस रोज चार पाने वाचली तरी सहा आठवड्यांत १२० पाने होतात. जूनमध्ये वही तपासण्याऐवजी दोन मिनिटे बोलायला लावावे. कोणता प्रसंग आवडला, कुठे कंटाळा आला, शेवट पटला का? साठ मुलांच्या वर्गाला १२० मिनिटे लागतील, म्हणजे साधारण चार तासिका. साठ सारांश तपासायला याहून जास्त वेळ जातो. राज्य मंडळात भाषा विषयांसाठी ८० गुणांच्या लेखी परीक्षेखेरीज तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आहेतच. नव्या वर्गाच्या शिक्षकांना हे बोलणे तिथे विचारात घेता येईल. अर्थात सक्ती पूर्ण काढली तर अनेक मुले काहीच वाचणार नाहीत, ही शिक्षकांची भीती रास्त आहे. म्हणून सक्ती वाचनाची असावी, पुस्तकाची नको.

पुस्तके मिळणार कुठून?

नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके स्वस्त आहेत. केंद्राचे ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ आणि प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ मोफत आहेत. स्टोरीवीव्हरवर पातळीनुसार गोष्टी निवडता येतात. बारावीच्या तीन कादंबऱ्यांपैकी ज्यूल्स व्हर्न आणि कॉनन डॉयल यांच्या स्वामित्वहक्काबाहेर असून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर पूर्ण वाचता येतात. व्हर्नचा नायक मुंबईहून रेल्वेने निघतो आणि रूळ संपल्यावर हत्तीवर बसतो. डॉयलच्या कथेतला खजिना १८५७ च्या आग्र्यातला आहे. मराठीत आधी वाचलेले पुस्तक इंग्रजीत घेणे हाही चांगला मार्ग. ‘श्यामची आई’चा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. गोष्ट ठाऊक असली की अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भाने लागतो.

मात्र पडद्यावरचे पुस्तक हा दुसरा पर्याय. घरात एकच मोबाइल असेल आणि तो आईवडिलांबरोबर कामावर जात असेल, तर गावाच्या गाडीत बसणाऱ्या मुलाच्या पिशवीत एक पातळ छापील पुस्तक असणे हेच जास्त उपयोगाचे. ते त्याच्या हाती पडले की नाही, हे शाळेला २ मेच्या आधी पाहता येते. जूनमध्ये आलेल्या सारांशावरून ते कधीच कळत नाही.