अंथरूण कुणाचं?

सांगलीत कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींत एक मत हमखास निघतं : पोरांनी फार उड्या मारू नयेत, अंथरूण पाहून पाय पसरावेत. कुणी हटकलंच तर साक्षीला ‘ययाती’ येतो. ती कादंबरी लिहिणारे वि. स. खांडेकर १८९८ साली याच गावात जन्मले. कादंबरी आली १९५९ साली, आणि मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं ते १९७४चं. राज्य मिळूनही ज्याची हाव भागली नाही, अशा राजाची ही कथा आपल्याच गावच्या लेखकाने सांगून ठेवलेली असताना महत्त्वाकांक्षेचे गोडवे कशाला गाता, असा सवाल.

हे म्हणणं अगदीच पोकळ नाही. एकाच जिल्ह्यात २०१९चा महापूर आणि जत-आटपाडीचा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला बेताने राहण्याची किंमत कळते. कर्ज काढून मांडव घालणाऱ्याला चार शब्द सुनावणारं कुणी घरात असावंच.

पण साक्षीदार चुकीचा बोलावलाय. ययातीने फार मागितलं, एवढाच त्याचा अपराध असता तर ती गोष्ट इतकी वर्षं टिकली नसती. त्याने पुरूचं, पोटच्या पोराचं तारुण्य मागून घेतलं. पाय याचे आणि अंथरूण मुलाचं! म्हणी सांगणाऱ्यांनी पायांची लांबी मोजली. अंथरूण कुणाचं, हे विचारलंच नाही.

आता त्याच जिल्ह्यातला दुसरा साक्षीदार घ्या. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर करू लागले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी ते घ्यायला शेतकरी धजेनात. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला, पैशाचा हात दिला, आणि निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणीच्या हिशेबाने हा माणूस दोषीच, कारण त्याचं अंथरूण उसनं होतं. पण उसना घेतला तो पैसा आणि माळ. कुणाचं वय नव्हे. माळावर गेलेली वर्षं त्याची स्वतःची होती.

इथे घाटावरचा एखादा हुशार म्हातारा अडवेल : “मग भाऊराव पाटलांचं काय? बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना दागिने मोडावे लागले, मंगळसूत्रसुद्धा. ते अंथरूण कुणाचं होतं?”

प्रश्न बिनतोड आहे, आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी भाऊरावांची रयत शिक्षण संस्था निघाली, त्या कामाची झळ घराला बसलीच. मोठं काम घरच्यांकडून काही घेतच नाही, असा दावा मी करत नाही. पण ते सोनं भाऊरावांच्या मोठेपणासाठी मोडलं नाही, परक्यांच्या भुकेल्या पोरांसाठी मोडलं. आणि ते मोडणाऱ्या बाईंचा वाटा नवऱ्याच्या खात्यावर जमा करून मोकळं होता येत नाही. तो त्यांच्याच नावावर मांडायला हवा. ययातीपाशी अशी खतावणीच नव्हती.

घोळ शब्दातही आहे. ‘महत्त्वाकांक्षा’ म्हणजे महत्त्वाची आकांक्षा. पण महत्त्व कुणाचं, माणसाचं की कामाचं, हे तो शब्द सांगत नाही. नांगर चालावा, पोर शिकावं ही आकांक्षाच. आपलं नाव व्हावं हीसुद्धा आकांक्षाच. एका शब्दाच्या पोत्यात दोन धान्यं भरली आणि एकाला कीड लागली, म्हणून आपण सगळं पोतं उकिरड्यावर टाकायला निघालो.

गंमत अशी की घाटावर समाधानाचं प्रवचन देऊन ही मंडळी घरी जातात, तेव्हा नातू तिसऱ्या शिकवणीहून परतलेला असतो. बापाला डॉक्टर होता आलं नाही, म्हणून ते आता याने व्हायचं. त्याला चित्रं काढायची आहेत, हे घरात कुणी विचारलेलं नसतं. उड्या मारू नका म्हणणाऱ्या घरातच पुरूचं तारुण्य मागून घेतलं जातं, तेही प्रेमाने, दुधाचा पेला पुढे करत.

पोराला पाय पसरू द्या. फक्त ते पाय त्याचेच आहेत ना, एवढं बघा.