हजेरी लावली, पण वही कुणी तपासली?



बरेच दिवस झाले इथे काही लिहिलं नाही. खरं तर हळदीवर लिहायचं ठरवलं होतं, पण मनात दुसरंच घोळतंय. ते आधी लिहून टाकतो.

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी गेला. वय ४७. त्याचं नाव आणि गाव सांगत नाही, एकदोन तपशीलही बदललेत. लिहू का, म्हणून त्याच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "लिहा गुरुजी, फक्त नाव टाकू नका."

त्याला एचआयव्ही होता. २००६ साली कळलं. घराबाहेर ही गोष्ट दोघातिघांनाच ठाऊक होती. त्यातला मी एक, कारण संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून घ्यायला तो माझ्याकडे आला होता. पुढे अठरा वर्षं त्याने एआरटीची गोळी चुकवली नाही. शेवटच्या तपासणीत रक्तात विषाणू सापडला नव्हता. शेत केलं, पोरीचं लग्न केलं.

जाण्याच्या आठवडाभर आधी पारावर भेटला होता. म्हणाला, "गुरुजी, छातीत लई जळजळ करायली. पित्त असंल." मीही मान डोलावली. मंडळी, ती मान डोलावणं मला अजून झोपू देत नाही. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

गाव काय म्हणालं? ज्यांना कुणकुण होती ते म्हणाले, "शेवटी त्याच रोगानं नेलं." साफ खोटं! तो रोग त्याने अठरा वर्षं मुठीत ठेवला होता. नेलं ते हृदयानं, आणि त्या हृदयाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. बायकोने त्याची सगळी कागदं माझ्यापुढे ठेवली. गोळ्यांच्या नोंदी सापडल्या, वजन सापडलं, रक्तदाबाचा आकडा मात्र मला एकही सापडला नाही. कोलेस्टेरॉलचा तर नाहीच. तंबाखू रोजची होती.

मी मास्तर माणूस, मला मास्तरकीचीच उपमा सुचते. पोरगा रोज वर्गात येतो, आपण हजेरी लावतो आणि वही कधी उघडतच नाही. मग तो नापास झाला की म्हणतो, नशीब त्याचं!

माझा भाचा हा ब्लॉग वाचतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, अठरा वर्षं जगला हेच खूप. आता त्यांना आणखी किती तपासण्या करायच्या?" भाचेबुवा, तुमच्यावर राग नाही, पण आजचं लिखाण याच वाक्याविरुद्ध आहे. "जगला हेच खूप" हे आपण मधुमेहवाल्याला म्हणतो का? बायपास झालेल्या काकांना म्हणतो का?

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय हे पहिल्या केंद्रांपैकी एक. त्या गोळ्यांनी लाखो माणसं वाचली. आज देशात एचआयव्हीसह जगणारे २५ लाखांवर आहेत आणि त्यात सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. ही माणसं आता चाळिशी-पन्नाशी ओलांडताहेत. त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. विषाणू दबला तरी शरीरात एक बारीक दाह धुमसत राहतो आणि रक्तवाहिन्या आतून खराब करतो. वर तंबाखू, रक्तदाब, साखर. काही जुन्या गोळ्यांनी चरबीही वाढायची.

हे माझ्या पदरचं नाही. 'रिप्रीव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. १२ देश, ७,७६९ माणसं, वय ४० ते ७५. सगळे एआरटीवर, आणि नेहमीच्या हिशोबाने धोका कमी ते मध्यम. भारतही त्यात होता, आपल्या पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयसुद्धा. २०२३ साली निकाल आला. पिटाव्हास्टॅटिन ही रोजची एक गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात असले मोठे आघात ३५ टक्क्यांनी कमी झाले. वर्षाला हजारी सुमारे ७ व्हायचे, ते ५ वर आले. याच अभ्यासातल्या अमेरिकेतल्या ७५५ जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन केलं, तर जवळपास निम्म्यांत चरबीचे थर निघाले. त्यांना काहीही त्रास नव्हता!

कुणी म्हणेल, हजारात दोन म्हणजे कितीसे? ज्या घरातला माणूस त्या दोनांत असतो, त्या घराला विचारा.

मग गावोगाव स्कॅन करायचे का? नाही हो. फुकट शिबिरात ईसीजीची पट्टी हातात देऊन "सगळं नॉर्मल" म्हणणंही मला पटत नाही. ईसीजी नीट आला म्हणून वाहिन्या मोकळ्या आहेत असं होत नाही. माझी मागणी साधी आहे. गोळ्या घ्यायला येणाऱ्याचा दर खेपेला रक्तदाब मोजा. ठरावीक काळाने साखर आणि कोलेस्टेरॉल पाहा. तंबाखू विचारा, आणि सोडवायला मदत करा. चाळिशीच्या पुढे स्टॅटिनचा विचार डॉक्टरांनी करावा. आणि आकडे त्याच्या पुस्तिकेत, त्याला समजतील असे लिहा.

"तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी आरोग्य केंद्रात होतेच की," असंही मला ऐकवलं गेलं. होते. माझा विद्यार्थी त्या रांगेत उभा राहिला नाही. "सध्या कोणती औषधं चालू आहेत?" हा प्रश्न चार ओळखीच्या माणसांसमोर येईल, ही त्याची भीती. म्हणून ही तपासणी जिथे त्याला काही लपवावं लागत नाही तिथेच व्हायला हवी, एआरटी केंद्रातच.

आणि हो, गावापासून लपवा, डॉक्टरपासून नको. रिटोनाव्हिर असलेल्या एचआयव्हीच्या गोळ्यांबरोबर सिमव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध चालत नाही, धोका होतो. डॉक्टरला माहीतच नसेल तर तो बिचारा काय करणार? २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचारात भेदभाव करायला त्यात बंदी आहे आणि रुग्णाची माहिती फोडायलाही.

माझे नातेवाईक, माझे ब्लॉगवाले मित्र, तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत असं माणूस असेल तर चारचौघांत नाही, एकट्याला गाठून एवढंच विचारा, "बीपी कधी मोजलं होतंस?" आणि कुणी छातीत जळजळतंय म्हणालं तर माझ्यासारखी मान डोलावू नका. त्याला उठवा आणि दवाखान्यात न्या.

असो. हळदीवर पुढच्या वेळी.