मंगळावरचा पट आणि आपली दुरुस्तीची हौस

मंगळावरसुद्धा बुद्धिबळ खेळतात, असे एडगर राइस बरोज यांनी १९२२ साली जगाला सांगितले. टारझनचे जनक ते हेच. ‘द चेसमेन ऑफ मार्स’ या त्यांच्या कादंबरीत ‘जेतान’ नावाचा खेळ आहे. बरोज नुसते वर्णन करून थांबले नाहीत, पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट जोडून त्यांनी त्याचे नियमही दिले. कादंबरी आल्यावर अमेरिकेतल्या लिव्हनवर्थच्या तुरुंगातल्या एका कैद्याने जेतानची मोहरी स्वतः तयार केली आणि सोबत्यांबरोबर तो खेळ सुरू केला. म्हणजे हा केवळ कागदावरचा खेळ नव्हे.

२०२५ च्या अखेरीस गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला, आणि आमच्या ओळखीपाळखीत पुन्हा पट निघाले. त्यातल्या हौशी मंडळींनी जेतानही मांडून पाहिले. पण चार चाली होतात न होतात तोच वाद! मग प्रत्येक जण म्हणतो, “नियमच चुकीचा आहे, आपण बदलू या.” मला बोलायचे आहे ते या वाक्याबद्दल.

आधी खेळ समजून घेऊ. पट दहा बाय दहाचा, काळ्या आणि नारिंगी घरांचा. दोन्ही बाजूंना वीस-वीस मोहरी. मागच्या ओळीत योद्धे, पाद्वार, ड्वार, विमाने, आणि मधोमध सरदार व राजकन्या. पुढच्या ओळीत दोन कोपऱ्यांना थोट म्हणजे मंगळावरचे घोडेस्वार, आणि त्यांच्यामध्ये आठ पंथन, म्हणजे भाडोत्री शिपाई. आपले मोहरे समोरच्या राजकन्येच्या घरात पोचले, किंवा आपल्या सरदाराने समोरच्या सरदाराला मारले, की डाव जिंकला. सरदाराला दुसऱ्या कुणी मारले तर मात्र डाव बरोबरीत.

आता पहिली शंका. ड्वार ‘तीन घरे’ सरळ चालतो, वाटेत वळूही शकतो. मग त्याने तीन घरे चाललीच पाहिजेत, की एक-दोन घरांवर थांबले तरी चालेल? परिशिष्ट यावर थेट बोलत नाही. पण तिथेच दुसरी एक अट आहे: एका चालीत तेच घर दोनदा ओलांडायचे नाही. ही अट कशासाठी? एक घर पुढे, एक मागे, पुन्हा एक पुढे, अशी चलाखी करून ड्वार शेजारच्याच घरात उतरू नये म्हणून. हवे तिथे थांबायची मुभा असती, तर ही अट घालायची गरजच काय होती? तेव्हा तीन म्हणजे तीनच, असे माझे मत आहे.

दुसरी शंका जास्त खोल. कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणात योद्धा तिरकाही चालतो, परिशिष्टात तो फक्त सरळ चालतो. दुसऱ्या प्रकरणात थोट मधल्या मोहऱ्यांवरून उडी मारतो, परिशिष्ट त्याच्या उडीबद्दल गप्प आहे. मी एक साधे सूत्र धरतो. दोन्हीकडे वेगळे सांगितले असेल तिथे परिशिष्टाचे ऐकावे, कारण ते खास नियमांसाठीच लिहिले आहे. परिशिष्ट जिथे गप्प आहे तिथे गोष्टीचे ऐकावे. म्हणून योद्धा सरळच चालेल, आणि थोट उडी मारील.

तिसरी शंका राजकन्येच्या पलायनाची. साऱ्या डावात एकदाच तिला दहा घरांची चाल मिळते. पण दहा घरांच्या पटावर सरळ रेषेत फार तर नऊच घरे चालता येतात! म्हणजे तिला वळावेच लागणार. ती सरळ-तिरकी दोन्ही चालते, मोहऱ्यांवरून उडीही मारते. मोजून पाहा, कोणत्याही मोकळ्या घरी ती पोचते. अट एवढीच की ते घर शत्रूच्या माऱ्यात नसावे, कारण तिथे जायला आणि मोहरे मारायला तिला मनाई आहे. आपल्या जुन्या देशी पद्धतीत शह लागण्याआधी राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची चाल मिळायची, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे पलायन परके वाटणार नाही.

येथवर झाले ते स्पष्टीकरण. लेखकाच्याच शब्दांतून उत्तर काढले, पदरचे काही घातले नाही. दुरुस्तीची हौस उफाळते ती बरोबरीच्या नियमापाशी. हरत आलेला खेळाडू एखाद्या पंथनने समोरचा सरदार टिपतो आणि डाव बरोबरीत सोडवतो. जिंकत आलेला चिडतो, आणि “हा नियम काढा” म्हणतो. पण हा नियम संदिग्ध नाही, लख्ख आहे. आवडत नाही एवढेच.

आणि गंमत अशी की त्याचा उतारा परिशिष्टातच आहे. मंगळवासी प्रत्येक मोहऱ्याची किंमत ठरवतात, आणि ज्याचे मोहरे जाते तो ती किंमत समोरच्याला देतो. मुख्य पैज डावाच्या निकालावर असते, पण मोहऱ्यांचा हिशेब वेगळा. म्हणजे बरोबरी झाली तरी दोघांचे पारडे सारखे नसते! ज्याने जास्त मारले तो वरचढच. आपण सभ्यपणाने जुगार वगळतो, त्याबरोबर हा हिशेबही टाकून देतो, आणि मग खेळ लंगडा म्हणून लेखकाला बोल लावतो. पैसे नकोत ना? गुण मोजा.

नियम कधी बदलूच नयेत असे माझे म्हणणे नाही. बुद्धिबळ तर बदलतच आपल्यापर्यंत आले. पूर्वी परगावचा खेळाडू पटाशी बसला की “बुर्जी धरायची का?”, “प्यादे पोचल्यावर कोणते मोहरे घ्यायचे?” हे आधी विचारून घेत. त्यात कमीपणा नव्हता. पण जे बदलले त्याला बदल म्हणावे. स्वतःची सोय ‘खरा नियम’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारणे, हे जेतानमध्ये होते तसे पोथ्यापुराणांच्या आणि कायद्यांच्या वाचनातही होते. तिथे त्याची किंमत मोहऱ्यांत मोजता येत नाही.

तेव्हा जेतान जरूर खेळा. फक्त पहिल्या चालीआधी एक कागद घ्या. डावीकडे लिहा, बरोज यांनी काय सांगितले. उजवीकडे लिहा, आपण काय ठरवले. मधली रेघ तेवढी पुसू नका.