कण्याचा भाव काय?

परवा मेहकर तालुक्यातल्या एका बौद्धवाड्यात जाऊन आलो. बाजेवर एक पोरगा पडलेला. वय २५. दीड वर्षापूर्वी ठेकेदाराच्या स्लॅबवरून पडला आणि कणा मोडला. चौघांनी हातपाय धरून पोत्यासारखा उचलला, जीपमध्ये कोंबला. कणा मोडलेल्या माणसाला असं उचललं तर वाचलेली नसही जाऊ शकते. पण हे त्या चौघांना कधी कुणी शिकवलंय? कमरेखाली आता काहीच कळत नाही. लघवीला नळी. बायको रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलते, नाहीतर पाठीला जखमा होऊन सडतात. ती निंदायला जायची, तेही बंद.

ठेकेदार आला. ५० हजार टेकवले, स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला. म्हणाला, "पाय तं शाबूत आहेत ना बापा तुहे!"

पोरगा मला म्हणाला, "पाय दिसतात भाऊ. पण माहे नाहीत ते."

हेच कायदाही म्हणतो. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात खाटकाच्या दुकानासारखा तक्ता आहे. अंगठा ३० टक्के. दोन्ही पाय तुटले की १००. कणा त्यात सापडत नाही. पण टीप आहे : अवयवाचा वापर कायमचा नि पूर्ण गेला, तर अवयवच गेला असं धरायचं. आणि कलम १७ सांगतं, हक्क सोडल्याचा करार रद्दबातल. म्हणजे तो अंगठा, तो स्टॅम्पपेपर, सगळं चुलीत घालायच्या लायकीचं!

हिशेब करा. महिन्याची मजुरी १५,०००, त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले पंचविशीचा गुणांक २१६.९१. झाले १९,५२,१९० रुपये. त्याला मिळाले ५० हजार.

पण या कायद्याचीही आरती ओवाळायला मी बसलो नाही. दवाखान्याचा खर्च तो देतो. कूस बदलणाऱ्या बायकोचा छदामही त्यात नाही. हाच पोरगा रस्त्यावर गाडीखाली आला असता तर? २०२०मध्ये काजल विरुद्ध जगदीश चंद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अपघातात जायबंदी झालेल्या १२ वर्षांच्या मुलीसाठी चोवीस तास दोन माणसं लागतील असं धरलं, आणि नुसत्या त्या देखभालीचे १०,८०,००० रुपये मोजले. रस्त्यावर पडलात तर देखभालीला दाम, परांचीवरून पडलात तर बायको फुकट.

शेतकऱ्यासाठी सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. दोन अवयव निकामी झाले तर २ लाख. मात्र घरात सातबारा पाहिजे. आमच्या बापाच्या नावावर सातबारा कुठला? त्याच शेतात राबून, त्याच झाडावरून पडून मोडला तरी भूमिहीनाचा कणा या योजनेत बसत नाही.

ऑगस्ट २०२१मध्ये याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावाजवळ, समृद्धी महामार्गाच्या कामावरचे १३ मजूर लोखंड भरलेली गाडी उलटून मेले. मेलेल्यांचा आकडा पेपरात येतो. बाजेवर जिवंत पडलेल्यांचा आकडा मी तरी कधी वाचला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५पासून जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. पण पोरगा पडला त्याआधी, म्हणून त्याच्यासाठी १९२३चाच. त्यात अर्जाची मुदत दोन वर्षं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबायचं कशाला?

सहा महिने उरलेत. हजेरीपुस्तकात पोराचं नाव नाही. पडताना बघणारे तिघं आहेत, तिघंही अजून त्याच ठेकेदाराकडं रोजानं जातात. एकजण रात्री माझ्याशी बोलला, नाव लिहू नको म्हणाला. मोर्च्यात घोषणा देऊन घसा बसवणाऱ्या, वकिलीची सनद खिशात घेऊन फिरणाऱ्या मित्रांनो, मेहकरची बस पकडा. येताना कोरा वकालतनामा आणा. त्या तिघांच्या घरी आपण मिळूनच जाऊ, पण रात्री.