अंगठा कुणाचा?

मिशेल सेर या फ्रेंच तत्त्वज्ञांचं एक छोटं पुस्तक २०१२ साली आलं. मोबाइलवर दोन्ही अंगठ्यांनी भराभर लिहिणारी तरुण मुलगी ही त्याची नायिका. सेर म्हणतात, तिचं शरीरच वेगळं आहे. औषधांमुळे रोजचं दुखणं गेलं, आयुष्य वाढलं, शेतातलं राबणं संपलं. म्हणून वेदना सोसायला शिकवणारी जुनी नीतीही आता कालबाह्य झाली.

मी हे पाथर्डीत वाचलं, मोबाइलवरच. पुस्तक आवडलं. ऐंशी ओलांडल्यावरही तरुणांना नावं न ठेवणारा म्हातारा कुणाला आवडणार नाही? शिवाय सेर मुख्यतः आपल्या फ्रान्सबद्दल बोलत होते. माझं भांडण आहे ते तेच वाक्य उचलून ‘माणसाचं शरीर बदललं’ असं इथे सांगत फिरणाऱ्यांशी.

दसरा झाला की आमच्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हिशेबात माणसांची जोडी हत्याराच्या नावानं ओळखली जाते. पहाटे फडात शिरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. पाळी असो, अंगावर ताप असो, खाडा पडला की पैसे कापले.

शरीर इथेही बदललं. सेर वारले त्याच वर्षी, २०१९ साली, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या प्रश्नावर राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्या सगळ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असं मी म्हणत नाही. पण दुखणं म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, असा हिशेब असेल तर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला किती सोपा होतो, ते बघा. सेरांचं वैद्यक शरीराला कष्टातून सोडवतं. इथे तेच वैद्यक शरीर कापून कष्टाच्या मापाचं करतं.

कुणी म्हणेल, ऊस तोडायची यंत्रं आली आहेत, कोयता सुटेल. सुटावाच. पण कोयत्याबरोबर मजुरीही सुटली, तर आमच्या जिरायत रानात ते शरीर काय खाणार? हा प्रश्न यंत्राच्या किमतीत कुणी धरलेला नसतो.

आमच्याकडेही अंगठा महत्त्वाचाच. उचलीच्या कागदावर तो उमटतो. कष्टानं झिजला की रेशनच्या मशीनला ओळखू येत नाही. आणि त्याच घरातली पोरगी संध्याकाळी कोपीबाहेर बसून अंगठ्यानं रील सरकवत असते. सेरांची नायिका आमच्याकडेही आहे. फक्त तिची आई अजून फडात आहे, आणि शाळा सुटली तर पुढच्या हंगामात तीही असेल.

फडातल्या बाईला दुखत असताना एक दिवस झोपून राहता आलं आणि त्याचे पैसे कापले गेले नाहीत, की माणसाचं शरीर बदललं असं खुशाल म्हणा. मीही म्हणेन.