काळ्या अक्रोडाला सागाचे नियम लावू नका

मुंबई-पुण्याच्या फर्निचर कामांत आता अमेरिकी काळ्या अक्रोडाची मागणी होते. गिऱ्हाईक फोटो दाखवते, माल कंटेनरने येतो, आणि सागावर बसलेला आपला हात तशाच हिशेबाने तो कापायला घेतो. पहिल्याच पावसाळ्यात टेबलाचा माथा वाकतो, सांधे उघडतात. दोष लाकडाला दिला जातो, ते मला मान्य नाही.

वजनाला आणि कठीणपणाला दोन्ही लाकडे जवळपास सारखी, म्हणून तर फसगत होते. फरक फुगण्यात आहे. सपाट चिरलेल्या ६०० मिलिमीटर रुंद फळीत ओलावा ४ टक्क्यांनी वाढला, तर साग साधारण साडेचार मिलिमीटर फुगतो, अक्रोड साडेसहा. अमेरिकेत भट्टीत वाळवलेल्या मालात ओलावा बहुधा ६ ते ८ टक्के असतो. आपल्या दमट हवेत तो वाढणारच. माल आला की फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्याला काही आठवडे राहू द्या, आणि ओलावा मोजूनच हात लावा. टेबलाचा भरीव माथा चौकटीला सरसाने जखडू नका, लांबट भोकांतून स्क्रू द्या. दाराच्या पॅनलला खाचेत मोकळीक ठेवा. पूर्ण भिंत झाकायची असेल तर प्लायवर व्हिनियर लावणेच शहाणपणाचे. काळ्या अक्रोडाचा गाभा सहजी कुजत नाही, पण किडीच्या बाबतीत सागाचा भरवसा इथे धरू नये.

रंगाबद्दल गिऱ्हाइकाला आधीच सांगा. बहुतेक लाकडे वयाबरोबर गडद होतात. काळ्या अक्रोडाचा चॉकलेटी गाभा उजेडात हळूहळू फिका, सोनेरीकडे झुकतो. सालीलगतचा भाग जवळजवळ पांढरा असतो. तो गाभ्याशी मिळावा म्हणून गिरणीवाले ओल्या लाकडाला वाफ देतात, पण त्यात गाभ्यातली जांभळट झाक मरते. हवेवर वाळवलेला माल मिळाला तर चार पैसे जास्त द्यावेत, असे माझे मत आहे. त्यावर गडद रंग चढवून सगळे एकसारखे करणे मला अन्याय वाटतो. पाँडिचेरीच्या गोलकोंडे इमारतीवर काम केलेले जॉर्ज नाकाशिमा पुढे पेनसिल्व्हेनियात याच लाकडाची टेबले घडवत. फिकी कड ते तशीच ठेवत आणि भेगेला फुलपाखराच्या आकाराची लाकडी कळ बसवत. ती टेबले नीट पाहावीत.

सरळ रेषेचे लाकूड रंध्याखाली आणि पटाशीखाली सुरेख चालते. फांदी फुटते तिथल्या नक्षीदार भागात मात्र रेषा उलटसुलट असतात. तिथे पाते ताजे धारदार हवे आणि काप अगदी पातळ.

भुशाने डोळे आणि त्वचा चुरचुरते, तेव्हा मास्क लावा. आणि या लाकडाचा भुसा किंवा छिलका तबेल्याला कधीही देऊ नका. अंथरुणात तो थोडा मिसळला तरी घोड्यांचे खूर सुजून ते लंगडे होतात.