देवाच्या दाराशी जाणारी छोटी गाडी

जपानच्या शिमाने प्रांतातलं इझुमो ताइशा हे शिंतो पंथाचं फार जुनं देवस्थान. इथला देव ओकुनिनुशी माणसामाणसांची नाती जुळवतो अशी श्रद्धा आहे, म्हणून लग्न जमावं यासाठी नवस करणाऱ्या तरुणांची इथे रीघ असते. इतरत्र बहुतेक ठिकाणी देवापुढे दोन टाळ्या वाजवतात, इथे चार. जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात तर देशभरचे देवच इझुमोत मुक्कामाला येतात, असं मानतात.

या देवाच्या दाराशी एकेकाळी दोन रेल्वे जात. सरकारी फाटा १९१२ मध्ये आला. १९२४ मध्ये त्याचं देवळाच्या घडणीचं भव्य लाकडी स्टेशन उभं राहिलं आणि लांबच्या शहरांतून थेट गाड्या येऊ लागल्या. इचिबाता या छोट्या खासगी कंपनीची विजेवरची गाडी १९३० मध्ये पोहोचली. दोघींपैकी टिकेल कोण, असं तेव्हा विचारलं असतं तर कुणीही सरकारी गाडीचं नाव घेतलं असतं. पण ३१ मार्च १९९० रोजी तीच बंद पडली. तिचं स्टेशन आज राष्ट्रीय वारसा म्हणून जपलं आहे, तिथे गाडी मात्र येत नाही.

छोटी गाडी चालू आहे, आणि तिच्यावर होणारा सरकारी खर्च योग्यच आहे.

या कंपनीचा जन्मही यात्रेसाठीच झाला, फक्त देव वेगळा होता. डोळ्यांच्या दुखण्यावर ज्याला साकडं घालतात त्या भैषज्यगुरू बुद्धाच्या इचिबाता मंदिराकडे भाविकांना नेण्यासाठी १९१५ मध्ये तिचे रूळ डोंगराच्या पायथ्याशी गेले. १९४४ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, तो शेवटचा तुकडा बंद झाला. त्याची खूण इचिबातागुची स्टेशनात आजही दिसते. सपाट जमिनीवर गाडी थांबते, चालक आपल्या केबिनमधून उतरून दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि गाडी आल्या दिशेलाच तोंड करून निघते. पुढचा रस्ताच उरलेला नाही, म्हणून प्रत्येक फेरीला हा द्राविडी प्राणायाम.

इचिबाता मंदिराच्या यात्रेचं गिऱ्हाईक गेलं तरी कंपनी टिकली, कारण डब्यात भाविकांच्या शेजारी शाळकरी मुलं आणि दवाखान्याला निघालेल्या आजीबाईही बसतात. सायकल घेऊनही चढता येतं. सणाची गर्दी चार दिवसांची, या मंडळींची ये-जा बारमाही. तरीही नुसत्या तिकिटांवर ४२ किलोमीटरचा मार्ग चालत नाही. रूळ, वीजवाहिन्या आणि डबे यांच्या खर्चाचा मोठा वाटा शिमाने प्रांत आणि मात्सुए, इझुमो ही दोन शहरं उचलतात. गाड्या चालवण्याचं काम कंपनीचं. जनतेच्या पैशाने तोट्यातली कंपनी पोसायची कशाला, हा आक्षेप येतोच. पण शेजारचा रस्ताही जनतेच्याच पैशाने डांबरी होतो आणि त्याचा नफा कुणी विचारत नाही. ज्याला मोटार चालवता येत नाही त्याचा रस्ता म्हणजे हे रूळ.

या पैशाचं चीज झालेलं दिसतं. इतर कंपन्यांनी वापरून काढलेल्या गाड्यांवर वर्षानुवर्षं भागवल्यानंतर २०१६ मध्ये इचिबाताकडे कोऱ्या गाड्या आल्या, तब्बल ८६ वर्षांनी. जुन्या गाड्याही सगळ्याच मोडीत काढलेल्या नाहीत. ऐन पन्नाशीच्या तोंडावर नोकरी सोडून याच मार्गावर चालक झालेल्या माणसाची गोष्ट सांगणारा ‘रेलवेज’ हा चित्रपट २०१० मध्ये आला. त्यात झळकलेल्या गाड्यांपैकी एक देवस्थानाजवळच्या स्टेशनात उभी आहे. ते १९३० चं स्टेशनही पाहण्यासारखं आहे: कमानदार छत, रंगीत काचांच्या खिडक्या.

इझुमोला जाणाऱ्याने मात्सुएहून भाड्याची मोटार न घेता या गाडीचं तिकीट काढावं. निघताना डाव्या हाताची खिडकी धरावी, शिंजी सरोवर बराच वेळ सोबत करतं. थेट गाड्या मोजक्याच आहेत. एरवी कावातोला गाडी बदलावी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवावा.